कात्री फिरलेली कार्टुनं आणि दुपारचा रिमोट

मागच्या मे महिन्यात सांगलीला बहिणीकडे होते. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं आणि तिच्या सासूबाई आरशासमोर बसून पावडर लावत होत्या. माझा सहा वर्षांचा भाचा दारात आला, ओठांचा चंबू केला आणि घशातून घोगरा आवाज काढत म्हणाला, ‘‘कितना भी लगा लो आजी, कुछ नहीं होनेवाला!’’ सासूबाईंना हिंदी तितकंसं कळत नाही, पण सूर बरोबर कळला. बहीण आधी फस्सकन हसली, मग त्याला रागावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अगं, कार्टूनच बघतो तो. दुसरं काही मी लावूच देत नाही.’’

‘कार्टूनच’ या शब्दातल्या त्या ‘च’नं आपली फसगत होते. आमच्या पिढीनं दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली पाहिला, त्यामुळे चित्रं हलायला लागली की ती लहान मुलांसाठीच असणार, हे डोक्यात पक्कं बसलं. आज दुपारी मुलांच्या चॅनेलवर जे चालू असतं, त्यातलं काही मोठ्यांसाठी तयार झालेलं, मग कात्री लावून लहानांपुढे ठेवलेलं असतं. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर घरात काय करायचं, यासाठी हा लेख. दुपारी रिमोट ज्यांच्या ताब्यात असतो त्या आजी-आजोबांनी तो आधी वाचावा. आई-बाबांनी रात्री वाचला तरी चालेल.

भाच्याच्या त्या घोगऱ्या आवाजाचा मालक शिनचॅन. योशितो उसुई या चित्रकारानं १९९० मध्ये जपानच्या ‘मांगा अॅक्शन’ या साप्ताहिकात ही चित्रमाला सुरू केली. ते साप्ताहिक मोठ्या पुरुष वाचकांचं. गोष्ट घडते कासुकाबेत. तोक्योच्या उत्तरेचं हे उपनगर, म्हणजे आपल्या डोंबिवली-बदलापूरच्या जातकुळीतलं. बाप गाडीनं कामावर जाऊन दमून परततो, त्याच्या मोज्यांचा वास येतो, डोक्यावर घराचं कर्ज आहे. आई सेलमध्ये गर्दीत घुसून वस्तू आणते आणि वजन उतरवायचे संकल्प दर आठवड्याला मोडते. पाच वर्षांचं कार्टं या सगळ्यांचं बिंग चारचौघांत फोडतं. थट्टा आई-बापांच्या आयुष्याची, आणि ती वाचून हसायचं आई-बापांनी. १९९२ पासून टीव्ही आसाही वाहिनीवर तिची मालिका सुरू झाली आणि घरच्यांनी संध्याकाळी एकत्र बसून बघायचा कार्यक्रम म्हणून जपानमध्ये रुळली. तरी तिथल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत ‘मुलांनी बघू नये असं वाटतं’ अशा कार्यक्रमांमध्ये तिचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं.

२००६ हे साल गमतीचं आहे. त्या वर्षी अमेरिकेत शिनचॅन ‘अॅडल्ट स्विम’वर आला. कार्टून नेटवर्कच्याच चॅनेलवर रात्री मोठ्यांसाठी चालवला जाणारा हा विभाग. तिथे संवाद नव्यानं लिहून मूळच्यापेक्षाही चावट केले गेले. त्याच वर्षी आपल्याकडे तोच पोरगा ‘हंगामा’ या मुलांच्या चॅनेलवर दिवसाउजेडी दाखल झाला. पालकांच्या तक्रारी वाढल्या, २००८ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या बडग्यामुळे मालिका बंद झाली आणि २००९ मध्ये बरीच काटछाट होऊन परतली. आपली मुलं बघतात तो हा परतलेला शिनचॅन. चित्र तेच, पोरगा तोच, मधले तुकडे गेलेले.

ते तुकडे जातात कसे? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दृश्य कापून टाकणं. ते जमत नसेल तर झाकणं: एखादा भाग धूसर करायचा, किंवा चित्र इतकं मोठं करायचं की नको ते चौकटीबाहेर जावं. तिसरा मार्ग डबिंगचा, आणि तो सगळ्यात स्वस्त. ओठ हलतच असतात, त्यांच्यावर कोणतंही वाक्य बसवता येतं. चौथा म्हणजे चित्रच बदलणं. ‘वन पीस’ ही जपानी मालिका २००४ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी आली तेव्हा सांजी या आचाऱ्याच्या ओठांतल्या सिगारेटीचं लॉलिपॉप झालं होतं. ‘ड्रॅगन बॉल झी’ या दुसऱ्या जपानी मालिकेत नरकातल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत ‘हेल’ लिहिलेलं होतं. तिथे मधल्या दोन अक्षरांवर थोडी कारागिरी करून ‘एचएफआयएल’ केलं आणि नरकाला एक नवंच लांबलचक नाव दिलं. मुलांना काही कळलं नसेल, मोठे मात्र अजून हसतात. २००५ मध्ये एमबीसी या अरबी वाहिनीनं ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचं ‘अल शमशून’ केलं. होमरचा ओमर झाला आणि त्याच्या बिअरचं सोडा-सरबत. घरातल्या बापाची बेवड्या मित्रांसोबतची बैठकच काढून घेतल्यावर त्या माणसात उरलं काय, असा प्रश्न प्रेक्षकांनाही पडला असावा. मालिका फार काळ चालली नाही.

कात्री कुठे चालली हे घरी बसून ओळखता येतं, त्यासाठी मूळ भाग बघायची गरज नाही. पार्श्वसंगीत मध्येच उडी मारतं. ओठ हलतात आणि आवाज येत नाही, किंवा ओठांच्या छोट्याशा हालचालीवर भलंमोठं वाक्य कोंबलेलं असतं. सगळी पात्रं खो-खो हसतात आणि हसण्यासारखं आपल्यासमोर काहीच घडलेलं नसतं. दृश्याच्या मधोमध अचानक कुणाचा तरी चेहरा पडदाभर येतो आणि क्षणभर गोठून राहतो. एका भागात असं दोन-तीनदा झालं की समजावं, हे दुसऱ्या कुणासाठी शिवलेलं कापड आपल्या मुलाच्या मापाला उसवून घेतलंय.

उसवलंय म्हणून ते वाईटच, असं मात्र नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. कात्रीला दृश्य दिसतं, शब्द दिसतो. तिला नजर दिसत नाही. उघडं अंग, दारूचा ग्लास, शिवी हे सगळं कापता येतं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. पण आईच्या पोटाच्या घेरावर दिवसातून चार वेळा टोमणा मारणारा मुलगा हा सबंध गोष्टीचाच धागा असतो. तो कापला तर मालिकाच उरत नाही, म्हणून तो कुणी कापत नाही. नेमका तोच धागा मुलं उचलतात. आमच्या भाच्यानं शिनचॅनकडून काही अश्लील उचललं नव्हतं. आरशासमोर बसलेल्या बाईला काय बोललं की घरातले हसतात, हे त्यानं अचूक उचललं होतं.

काटछाटीनं कधी कधी प्रकरण बिघडतंही. समजा, एका गोष्टीत बाप पिऊन येतो, झोकांड्या खातो, आपटतो आणि बायकोची बोलणी खातो. मोठ्या प्रेक्षकाला ही साखळी कळते. आता ग्लासातल्या पेयाला ‘ज्यूस’ म्हटलं की मुलाला काय दिसतं? एक माणूस ज्यूस प्यायला, आपटला, आणि बायको उगाचच त्याच्यावर ओरडली. कारण पुसलं गेलं, तमाशा राहिला आणि बायको कजाग ठरली. मारामारीचंही तेच. ठोसा ठेवायचा आणि रक्त कापायचं, म्हणजे ठोशानं लागत नाही हे मुलाला शिकवून झालं. मला विचाराल तर एखादा ओरखडा दिसलेला परवडतो.

म्हणून एखादं कार्टून चालेल की नाही हे ठरवताना ‘घाणेरडं काही आहे का’ एवढ्यावर थांबू नका. तेवढं चॅनेलनं बहुधा काढलेलंच असतं. त्याऐवजी सलग दोन भाग बघा. स्वयंपाकघरातून कान देऊन चालणार नाही, मुलाशेजारी बसून बघा. हसू कुणावर आहे ते पाहा. उद्धटपणा करणाऱ्याची फजिती होते की त्याचंच कौतुक होतं? जाड्या, सावळ्या, म्हाताऱ्या, तोतऱ्या माणसाचं काम फक्त हसू करून घेण्याचं आहे का? बायका किंचाळण्यापलीकडे काही करतात का? आणि भांडण झाल्यावर ती माणसं पुन्हा एका ताटाशी बसतात का? या शेवटच्या प्रश्नात शिनचॅनला मी चांगले गुण देते. त्याचं नोहारा कुटुंब एकमेकांवर जीव टाकतं, धाकट्या हिमावरीला आणि शिरो कुत्र्याला सगळे सांभाळतात. आपल्या कित्येक कौटुंबिक मालिकांमधल्या विष कालवणाऱ्या सासवा-नणंदांपेक्षा हे घर मला बरं वाटतं. त्या मालिका मुलं आजीच्या मांडीवर बसून बघतात आणि त्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

आता घड्याळाकडे येऊ. मोठ्यांचं आणि लहानांचं वेगळं ठेवायचा जगभरचा जुना उपाय म्हणजे वेळ वाटून देणं. ब्रिटनमध्ये रात्री नऊ ते पहाटे साडेपाच ही मोठ्यांच्या कार्यक्रमांची वेळ धरतात. त्याआधी जे दाखवायचं ते मुलं बघत आहेत असं समजून दाखवायचं. म्हणूनच ‘चॅनेल ४’वर ‘द सिम्पसन्स’ संध्याकाळी सहाला लागतं तेव्हा त्यातले काही शब्द आणि दृश्यं गाळलेली असतात. अमेरिकेत खुल्या प्रक्षेपणासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही सवलतीची वेळ आहे. केबलला तो नियम लागू नाही, तिथे चॅनेल स्वतःच तारतम्य ठेवतात किंवा ओरड झाली की ठेवायला लागतात. १९९३ मध्ये ओहायोत एका लहान मुलानं लावलेल्या आगीत त्याची धाकटी बहीण गेली. आईनं एमटीव्हीवरच्या ‘बीव्हिस अँड बट-हेड’ला दोष दिला. त्या मालिकेचा आणि आगीचा संबंध किती यावर पुढे बराच वाद झाला, पण चॅनेलनं आगीचे उल्लेख काढले आणि संध्याकाळी सातचा कार्यक्रम रात्री साडेदहानंतर नेला. व्हेनेझुएलात २००८ मध्ये उलटाच विनोद घडला. सकाळी अकराला लागणारं ‘द सिम्पसन्स’ मुलांसाठी अयोग्य म्हणून काढायला लावलं आणि चॅनेलनं त्या जागी काय लावलं, तर ‘बेवॉच हवाई’. समुद्रकिनारा, जीवरक्षक आणि तोकडे पोहण्याचे कपडे!

आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये कार्यक्रम संहिता आहे. जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघत असतील त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, आणि मुलांसाठीच्या कार्यक्रमांत वाईट भाषा किंवा उघड हिंसा नसावी याची काळजी घ्यावी, असं ती सांगते. मनोरंजन वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वतःची तक्रार परिषद स्थापन केली. त्यांच्या संहितेनुसार मोठ्यांपुरता मजकूर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतच दाखवायचा. मात्र सिनेमाला जसं आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तसं टीव्हीवरच्या मालिकेला लागत नाही. म्हणजे दुपारी तीनला जे लागतं ते योग्य असल्याचा निर्णय चॅनेलचाच असतो. सरकारनं तपासून सोडलं असेल, या भरवशावर आजींनी वामकुक्षी घेऊ नये.

घड्याळाचा उपाय आता आणखी एका कारणानं लंगडा झालाय. टीव्हीवर काटछाट केलेला भाग बघून झाला की मुलगा आजोबांचा मोबाइल घेतो, माइकचं चिन्ह दाबून त्याच पात्राचं नाव घेतो आणि पुढ्यात काय येईल याचा नेम नसतो. कुणीतरी चढवलेले न कापलेले तुकडे, दुसऱ्या देशातलं डबिंग, त्याच पात्राचे चेहरे वापरून भलत्याच लोकांनी केलेले चावट व्हिडिओ. दुपारची सभ्य आवृत्ती मुलाच्या मनात त्या नावाबद्दल विश्वास तयार करते आणि मोबाइलवर तोच विश्वास त्याला नको तिथे घेऊन जातो. टीव्हीपेक्षा मला या वाटेची धास्ती जास्त आहे.

म्हणून पहिलं काम फोनचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मोकळं यूट्यूब देऊ नका. यूट्यूब किड्समध्ये वय नोंदवा, शोधायची सोय बंद करता येते ती बंद करा आणि तुम्ही पाहिलेलेच कार्यक्रम त्यात ठेवा. ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल काढा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन लावल्याशिवाय मुलांचं प्रोफाइल म्हणजे कडी नसलेलं दार. २०२१ च्या नियमांनुसार या सेवांवरच्या मालिकांना ‘यू’, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ आणि ‘ए’ असे वयोगट द्यावे लागतात आणि ‘१३+’पासून पुढच्यांसाठी पालकांना कुलूप लावायची सोय ठेवावी लागते. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात ही खूण येते. मुलालाच ती वाचायला शिकवा. ‘‘हे तेरावालं आहे, मला नाही’’ असं म्हणण्यात मुलांना मोठेपणा वाटतो, असा माझा अनुभव आहे. सेट-टॉप बॉक्समध्येही चॅनेलला कुलूप लावता येतं. पिन मात्र १२३४ ठेवू नका. ती प्रत्येक नातवाला पाठ असते.

मालिका बंद करायचीच असं ठरवलंत, तर गाजावाजा न करता करा. जेवणाच्या ताटावर ‘आजपासून शिनचॅन बंद’ अशी दवंडी पिटली की शेजारच्या घरी, शाळेच्या बसमध्ये, मामाच्या फोनवर तो दुप्पट गोड लागतो. त्या वेळेला दुसरं काही घुसवा: खाली खेळायला जाणं, पत्त्यांचा डाव, दाण्याची टरफलं काढणं. बंद करायची नसेल, तर दिवसाचे दोन भाग ठरवा आणि तेवढे सोबत बघा. मधेमधे थांबवून उपदेश करू नका. भाग संपल्यावर ‘‘मला गोष्ट सांग, मी मध्ये उठले होते,’’ म्हणा. मूल कशावर रेंगाळतं, काय गाळतं, यावरून त्याच्या डोक्यात काय शिरलं ते कळतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांशी तर सरळ बोला. हे मूळ मोठ्यांसाठी होतं, यातून काय काय कापलंय ओळख बघू, असा खेळच लावा. त्या वयात बनवाबनवी पकडायला फार आवडतं आणि कापलेले सांधे त्यांना आपल्याआधी दिसतात.

मुलानं नक्कल केली तर काय? पहिल्यांदा हसू नका, एवढंच. हे सगळ्यात अवघड आहे, आम्हालाही जमलं नाही. हसून मग रागावलं की मुलाच्या हिशोबात हसणं जमेला पडतं आणि रागावणं विसरलं जातं. शिवाय पाव्हण्यांसमोर ‘कर रे, शिनचॅनचा आवाज करून दाखव’ अशी फर्माईश करायची आणि तोच आवाज आजीवर चालवला की धपाटा घालायचा, हा दुटप्पीपणा मुलं बरोबर ओळखतात. आवाज राहू द्या, बोलणं बदला. आम्ही भाच्याला सांगितलं, त्याच आवाजात आजीला छान दिसतेस म्हण. त्यानं म्हटलं. ते इतकं खोटं वाटलं की आजीच हसल्या.

दुपारच्या वेळेत खरोखरच वावगं काही दिसलं तर तक्रार करा, पण ती मोघम नको. ‘तुमची कार्टुनं मुलांना बिघडवतात’ याचं कुणी काही करू शकत नाही. चॅनेलचं नाव, तारीख, वेळ, कार्यक्रम, आणि नेमकं कोणतं दृश्य किंवा वाक्य, एवढं चार ओळींत लिहा. मोबाइलवर त्या क्षणाचा फोटो काढता आला तर उत्तम. २०२१ पासून प्रत्येक चॅनेलला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता चॅनेलच्या संकेतस्थळावर असतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे दाद मागता येते. तिला ६० दिवसांची मुदत आहे. त्यानंतरची पायरी केंद्र सरकारची. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या खाड्यांशेजारी. तक्रार करताना ‘बंद करा’च म्हणायला हवं असंही नाही. ‘हा भाग रात्री दाखवा’ किंवा ‘हे वाक्य बदला’ ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त, कारण ती करायला चॅनेलला फार खर्च येत नाही.

सांगलीहून निघायच्या आदल्या दिवशी मी भाच्याशेजारी बसून दोन भाग पाहिले. पहिल्यात त्याच्या आवडीची पळापळ होती. दुसऱ्यात हॅरी आणि मित्सी, म्हणजे शिनचॅनचे आई-बाप, जमाखर्चाची वही उघडून बसले होते, घरात एक प्रकारची शांतता होती. भाचा कंटाळला, चुळबुळायला लागला. हा भाग त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मला मात्र तो फार आवडला. जाहिराती लागल्यावर त्यानं विचारलं, ‘‘मावशी, घराचा हप्ता म्हणजे काय? घर आपलंच असतं ना?’’ मी सांगायला सुरुवात केली. बँक, पगार, व्याज, वीस वर्षं. ‘‘म्हणजे आपलं पण?’’ त्यानं आईकडे बघत विचारलं. बहिणीनं मान हलवली. जाहिराती संपून पुढचा भाग सुरू झाला, शिनचॅन ओरडत पडद्यावर आला, तरी आमचा हप्ता काही फिटला नव्हता.